पाणी टिकेल

पक्ष्यांच्या त्या राज्यात एकच तळं होतं आणि दर उन्हाळ्यात ते आटू लागे. ऊन चढलं की तळ्याचा पुढारी उंच दगडावर उभा राहून सांगे, "पाणी टिकेल, पाऊस येईल." ज्यांना ते पटे, ते पक्षी एक पाय पोटाशी घेत. ज्यांना पटत नसे, त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर राहत. केव्हाही पळता यावं म्हणून.

यंदा टिटवीची झोप उडाली होती. पिल्लू अजून उडत नव्हतं. पाणी आटलं तर त्याला कोल्ह्यांच्या माळावरून नदीपर्यंत चालवत न्यावं लागणार होतं. निघायचं तर आत्ताच, त्याच्या अंगात जोर आहे तोवर.

गेल्या वर्षी दगडावर तिचा सख्खा भाऊ होता. याच शब्दांना तिने सगळ्यांआधी पाय उचलला होता. 'धीर कसा द्यावा, ते याच्याकडून शिकावं,' असं ज्याला त्याला सांगत फिरली होती. यंदा दगडावर शेजारणीचा नवरा होता, पाणकोंबडा.

"पाणी टिकेल," तो म्हणाला.

"थापाड्या मेला!" टिटवी पुटपुटली. "तळं डोळ्यांदेखत आटतंय, नि याला गोड गोड सुचतंय."

खरं तर ती त्याच्याकडे बघतच नव्हती. पुढे लव्हाळ्याच्या सावलीत पाणकोंबडी ऐसपैस बसली होती आणि दोघी-तिघी तिला गोगलगायी आणून देत होत्या. गेल्या वर्षी ती जागा टिटवीची होती. आपल्याला राग थापांचा आलाय की गोगलगायींचा, असं तिच्या मनात येऊन गेलं. तिने ते झटकलं.

"काय गं टिटवे, पाय आखडलाय का?" पाणकोंबडीने विचारलं. सगळ्या हसल्या.

टिटवीने तिथल्या तिथे ठरवलं. "चल रे," ती पिल्लाला म्हणाली, "इथे पाणी राहायचं नाही. माळ ओलांडायचा."

निघण्याआधी त्याला पाणी पाजायला ती काठाशी आली. नितळ पाण्याखाली, तळाशी, खड्यांचं एक कडं दिसत होतं. तिचंच घरटं. गेल्या उन्हाळ्यात, ऐन याच दिवसांत, भावाच्या शब्दावर तिने ते तिथे कोरड्या वाळूत मांडलं होतं. यंदा तिथे अजून पाणी होतं.

तिने मागे पाहिलं. कुणी बघत नव्हतं. ती पोटापर्यंत पाण्यात शिरली आणि खडे दिसेनासे होईतो पायांनी गाळ ढवळत राहिली. मग बाहेर येऊन म्हणाली, "चल. संपलं पाणी."

पिल्लू जागचं हललं नाही.

"आई, मग तुझ्या पोटावरून काय गळतंय?"