देशमुखांनी भरलेल्या बांगड्या

नागोजीराव देशमुखांचा बायकोवर भारी जीव. तिच्याकडे कुणी नुसतं पाहिलं तरी त्यांचा जळफळाट व्हायचा. मैनाबाईंना आधी त्याची गंमत वाटे. पण नागपंचमीच्या आदल्या दिवशी बोळक्या तोंडाचा कासार बांगड्या भरायला ओसरीवर बसला, आणि देशमुख कडाडले, "परपुरुषानं माझ्या बायकोचा हात धरायचा नाही!"

म्हातारा गुपचूप बाजूला सरकला. बांगड्या भरायला जमलेल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. सवाष्णीनं सणाला रिकाम्या हातांनी जायचं की काय?

मैनाबाईंनी हसत हात पुढे केला. "मग तुम्हीच भरा."

देशमुख मिशीला पीळ देत बसले. त्यांनी बायकोचा हात असा आवळून धरला, की पहिली बांगडी कट्कन पिचली. मग दुसरी, मग तिसरी. बायका पदराआड हसू लागल्या.

"हा म्हातारा भरतो तरी कशा?" देशमुख घामाघूम होऊन ओरडले.

"तो हात धरतो, आवळत नाही," मैनाबाई म्हणाल्या. "तुम्ही थोडं जळलात की मला गोडच वाटतं, अहो. पण इतकं आवळलंत, तर काय टिकेल?"

देशमुखांनी मुकाट्यानं काचा वेचल्या आणि कासाराला खूण केली. वर दटावलंच, "पण मी इथंच बसणार!"

"बसा की," मैनाबाई म्हणाल्या, "शिकाल तरी."