बावतीस मास्तरांचे आठ सूर

"कुणीतरी आपल्या गाण्यांमधलं अंतर चोरलं आहे," तन्मय म्हणाला.

बावतीस मास्तर पानवेलीला दोरा बांधत होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"कुणी?"

"ते माहीत असतं तर तुमच्याकडे आलो असतो का?"

"खरंय. चौकीवर गेला असतास."

तन्मय हसला नाही. तो हसायला आलेलाच नव्हता. वय तेवीस, तत्त्वज्ञानाची पदवी, खांद्यावर लॅपटॉप. मे महिन्याच्या भर दुपारी, वसईच्या वाडीत, अंगात काळा, गळाबंद, जाड स्वेटर. कपाळावरून घाम थेट कॉलरमध्ये उतरत होता.

"आजारी आहेस का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. मूड आहे."

मास्तर त्र्याऐंशी वर्षांचे. साठच्या दशकात मुंबईच्या एका हॉटेलातल्या बँडमध्ये ते ट्रम्पेट वाजवायचे. अमेरिकेतून, इटलीतून, फ्रान्समधून आलेल्या तबकड्या ऐकून सूर बसवायचे आणि रात्री साहेबलोकांना नाचवायचे. आता पानं, केळी आणि मोगरा. ट्रम्पेट खाटेखालच्या पेटीत. अकरा वर्षांत त्यांनी ते कुणासाठीही बाहेर काढलं नव्हतं.

तन्मयला त्या ट्रम्पेटचे फक्त आठ सूर हवे होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्याच्या मध्ये.

"मास्तर, तुम्ही तो काळ पाहिलाय," तो म्हणाला. "तीन मिनिटांचं गाणं, आणि त्यात अख्खा सिनेमा! आधी एकटी गिटार, ओलीचिंब. मग पडदा सरकावा तशी व्हायोलिनं. मग ती बाई गायला लागते. अगदी कानाशी गाते, आणि तरी वाटतं, कुठल्या तरी दुसऱ्या देशातल्या फलाटावर उभी आहे. आता सगळे नुसते कानाला चिकटतात. मागे काही नाही. आकाश नाही, रस्ता नाही, थंडी नाही..."

"थंडी नाही हे खरं."

"तुम्ही चेष्टा करताय."

"नाही रे. घाम पूस."

ओटीवर कार्मेलबाय मोगरा निवडत बसल्या होत्या. मास्तरांच्या बायको. त्यांनी न बोलता एक पंचा त्याच्याकडे फेकला.

तन्मयने घाम पुसला आणि पुन्हा सुरुवात केली. "त्या हॉटेलात गाणारा तो गायक... प्रेमभंगाचं गाणं म्हणताना तो दूर कुठे तरी बघायचा. मी फोटो पाहिलाय तुमच्याकडे. काय नजर आहे! कुठे बघायचा तो?"

"घड्याळाकडे."

"...घड्याळाकडे?"

"भिंतीवर होतं. त्याची शेवटची बस सव्वाबाराची होती."

तन्मयने ठरवलं की मास्तर आपली परीक्षा बघत आहेत. गुरू असंच करतात, हे त्याने वाचलं होतं.

"आणि तुम्ही?" त्याने चिवटपणे विचारलं. "तुम्ही प्रेमात पडलात तेव्हा कुठलं गाणं वाजत होतं?"

मास्तरांनी दोऱ्याला गाठ मारली.

"कुठलंच नाही. थांबलं होतं."

"खोटं," ओटीवरून कार्मेलबाय म्हणाल्या. "क्लॅरिनेट वाजत होतं."

"तुझं गाणं म्हण," मास्तर तन्मयला म्हणाले.

त्याने डोळे मिटले. गळा साफ केला.

"धुक्यात विरला फलाट सारा,
कोटाची कॉलर वर करूनी
मी उभा, तुझी ती गाडी गेली..."

"कोट आहे तुझ्याकडे?"

"नाही."

"धुकं?"

"मास्तर, वसईत मे महिन्यात कुठलं धुकं!"

"आणि गाडी?"

इथे तन्मय पहिल्यांदाच अडखळला.

"गाडी... आहे."

"कधी?"

"आज. पाच चाळीसला. शाल्मली कोईमतूरला चाललीय. पक्ष्यांवर संशोधन करायला. दोन वर्षं." त्याने स्वेटरची बाही उगाच ओढली. "हे गाणं तिच्यासाठीच आहे. मी एकेचाळीस वेळा रेकॉर्ड केलंय. तिला अजून ऐकवलेलं नाही. तिला काहीच सांगितलेलं नाही. गाणं ऐकलं की कळेल ना तिला सगळं! फक्त ते तसं वाजायला हवं."

"तिला निरोप द्यायला जाणार आहेस?"

"तिथे?" तन्मयचा आवाज चढला. "वसई रोडला? मास्तर, त्या फलाटावर काय आहे? 'यात्री कृपया ध्यान दें.' वडापावचं तेल. तीन नंबरवर कुणीतरी कोंबड्या घेऊन बसलेला असतो. असा निरोप? मी गाणं पाठवणार. गाडी सुटायच्या क्षणी. ती खिडकीत बसेल, कानात घालेल, बाहेर संध्याकाळ उतरत असेल... म्हणून तर मला आजच ते आठ सूर हवेत."

मास्तर उठले. आत गेले. पेटीचा आवाज आला.

मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात ट्रम्पेट होतं. पितळ काळवंडलं होतं. त्यांनी ते धोतराच्या सोग्याने पुसलं.

"एक सांगा," तन्मय कुजबुजत म्हणाला. "ते अंतर आणायचं कसं? तो घुमारा? माझ्या लॅपटॉपमध्ये अठ्ठावीस प्रकारचे घुमारे आहेत. एकही खरा नाही."

"रिकाम्या खोलीत वाजवायचं. तळघरात. पाण्याच्या टाकीत. जिथे कुणी नाही तिथे."

"इथे आहे तशी जागा?"

मास्तरांनी नुसतं विहिरीकडे पाहिलं.

जुनी, दगडी, खोल विहीर. मे महिना असल्याने पाणी पार तळाला गेलेलं. तन्मय काठावर वाकला आणि त्याने एक सूर सोडला.

सूर खाली गेला. थांबला. मग दगडादगडाला हात लावत, मोठा होऊन, वर आला.

तन्मयच्या अंगावर काटा आला. स्वेटरमध्ये, भर उन्हात.

"हेच!" तो ओरडला.

"...हेच," विहीर म्हणाली.

मग त्याला थांबवणं कुणालाच शक्य नव्हतं. त्याने रहाटाची बादली ओढली, पंचा घडी करून तळाशी घातला, त्यावर मोबाइल ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि दोर हळूहळू सोडत बादली विहिरीच्या मध्यावर नेऊन टांगली.

"बादली कधी मोकळी होईल?" कार्मेलबायांनी विचारलं. "मोगऱ्याला पाणी घालायचंय."

"आजी, पाचच मिनिटं! इथे इतिहास घडतोय."

"घडू दे. पण मोगरा सुकतोय."

तन्मय काठावर गुडघे टेकून गायला. फलाट गायला, धुकं गायला, कॉलर गायला. दुसरं कडवं संपलं. त्याने मास्तरांना खूण केली.

मास्तरांनी ट्रम्पेट ओठांना लावलं...

आणि विहिरीतून गिटार वाजू लागली.

एकटी गिटार. ओलीचिंब. तन्मयने स्वतःच वाजवून फोनच्या घंटीसाठी लावलेली. खोलातून ती वर येत होती, दगडांवर आपटत, थरथरत, जणू कुणीतरी समुद्रापलीकडून हाक मारत होतं.

मास्तरांनी ट्रम्पेट खाली घेतलं. "अरे, फो..."

"शू!" तन्मयने हात वर केला. त्याने डोळे मिटले होते. "काही बोलू नका. ऐका..."

गिटार वाजत राहिली. थांबली.

परत वाजू लागली.

तन्मयच्या गालावरून पाणी वाहत होतं, आणि या वेळी तो घाम नव्हता. "अंतर," तो पुटपुटला. "हे बघा मास्तर, हे ते अंतर. कुणीतरी आहे, आणि पोचत नाहीये..."

गिटार थांबली.

वाडीत सगळं शांत झालं. केळीचं एक पान हललं, तेवढंच.

"ऐकलंत?" तन्मयने विचारलं.

"ऐकलं."

"कसं होतं?"

"फार छान," मास्तर म्हणाले. "कुणाचा होता?"

"काय?"

"फोन."

...

तन्मयने दोर इतक्या जोरात ओढला की बादली दोनदा काठाला आपटली. फोनवर शाल्मलीचे दोन कॉल येऊन गेले होते. रेकॉर्डिंग पहिल्या कॉललाच बंद पडलं होतं. आणि खाली एक निरोप होता. त्याने तो मोठ्याने वाचला. त्याच्या आवाजात अविश्वास होता.

"'लवकर पोचलेय स्टेशनवर. बॅगा तीन, हात दोन. तुझ्यासाठी समोसा घेतलाय. येतोयस ना? पाचपर्यंत नाही आलास तर मी खाणार.'"

त्याने मान वर केली. त्याचा चेहरा अगदी पडला होता.

"समोसा," तो म्हणाला.

"बरा असतो तिथला," मास्तर म्हणाले.

"मास्तर, या गाण्यात समोसा कुठे बसवू मी?"

मास्तर ट्रम्पेट पुन्हा सोग्याने पुसू लागले.

"नाही, नाही जमणार. मी गेलो तर सगळं संपेल. मी तिथे घामाघूम उभा राहणार, हातात समोसा, ती विचारणार काय झालं, मी म्हणणार काही नाही. नेहमी असंच होतं! गाण्यात मी जे बोलू शकतो ते..." त्याने घड्याळ पाहिलं. सव्वाचार. "अजून वेळ आहे. मास्तर, पटकन. मी फोन परत खाली सोडतो, तुम्ही आठ सूर वाजवा. फक्त आठ. मी तुमच्या पाया पडतो."

"हवेत तुला?"

"जिवापेक्षा जास्त."

"अंतर हवंय? पुष्कळ?"

"जितकं मिळेल तितकं!"

मास्तरांनी त्याच्या हातातून बादली घेतली. फोन उचलून त्याच्या खिशात घातला. आणि ट्रम्पेट बादलीत ठेवलं.

"मास्तर?"

मास्तर दोर सोडू लागले. रहाट कुरकुरला. पितळ एकदा उन्हात चमकलं आणि काठाखाली गेलं.

"मास्तर, काय करताय! ते ट्रम्पेट..."

बादली मध्यावर गेली. मध्याच्या खाली गेली. तळाचं पाणी हातभर उरलं तेव्हा मास्तरांनी दोर खुंटीला बांधला, शांतपणे काठावर बसले आणि पाय हलवू लागले.

"ऐक आता," ते म्हणाले.

तन्मय वाकून ऐकू लागला. खरंच ऐकू लागला. एक मिनिट गेलं. दोन गेली. खाली कुठेतरी एक थेंब पडला, तेव्हा तो दचकला.

"काही ऐकू येत नाही," तो अखेर म्हणाला.

"अंतर कमी पडतंय का? दोर आहे अजून."

"दोराचं काय घेऊन बसलात!" तन्मय चिडला. त्याचा सगळा आदर, सगळं वाचलेलं, एका क्षणात उडालं. "ट्रम्पेट खाली आणि तुम्ही वर! वाजवणारा इथे बसून राहिला तर ते वाजेल कसं? लहान मुलालाही कळे..."

तो थांबला.

मास्तर पाय हलवत होते.

तन्मयने खाली विहिरीकडे पाहिलं. मग मास्तरांकडे. मग, फार हळू, खिशातल्या फोनकडे...

त्याने स्वेटर डोक्यातून ओढून काढला. आत एक जुना बनियन होता, खांद्याला भोक पडलेला. त्याला ते दिसलं नाही. स्वेटर काठावर राहिला, लॅपटॉप ओटीवर राहिला, हेल्मेटही राहिलं. फाटकाशी लावलेली स्कूटर पहिल्या लाथेत चालू झाली नाही. दुसऱ्या लाथेतही नाही.

"मास्तर!" तो फाटकातून ओरडला. "ते आठ सूर?"

"आधी समोसा खाऊन ये," मास्तर म्हणाले.

तिसऱ्या लाथेला स्कूटर चालू झाली.

ती वाडीतून गेली, चर्चच्या वळणावर गेली, पुलापलीकडे गेली. तिचा सायलेन्सर फुटका होता. जवळून तो आवाज असह्य होता. लांब गेल्यावर मात्र तो बारीक झाला, थरथरू लागला, आणि एखाद्या जुन्या तबकडीवरच्या गिटारसारखा कितीतरी वेळ झाडांमागून येत राहिला.

मास्तर मान कलती करून ऐकत होते.

कार्मेलबाय कळशी घेऊन विहिरीवर आल्या. "झाली एकदाची बादली मोकळी," असं म्हणत त्यांनी दोर सोडवला आणि रहाट ओढायला घेतला. बादली वर आली. त्यांनी आत पाहिलं.

"पुन्हा?" त्या म्हणाल्या.

"पोरगा हट्टी होता."

"माझ्या भावाच्या लग्नात काय झालं होतं मग? तेव्हा कुठला पोरगा होता?"

मास्तर नुसते हसले.

साठ वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका कळश्या घेऊन नवरदेवाच्या अंघोळीचं पाणी आणायला याच विहिरीवर आल्या होत्या, पुढे बँड वाजत होता, तशी इथली रीतच आहे. पाणी भरून सगळे वळले. आणि मिरवणूक फाटकाशी पोचली तेव्हा लक्षात आलं की ट्रम्पेट ऐकू येत नाही. ट्रम्पेट एका मुलीच्या कळशीत होतं, अर्धं आत, अर्धं बाहेर. आणि वाजवणारा तिच्यासमोर उभा होता, घामाघूम, नक्की काय बोलावं ते न सुचून.

कार्मेलबायांनी ट्रम्पेट बादलीतून काढलं, पदराने पुसलं, नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं. लांबचा स्कूटरचा आवाज आता जवळजवळ संपला होता.

"क्लॅरिनेटवाला तुमच्यापेक्षा दहापट गोड वाजवायचा," त्या कळशीत पाणी ओतत म्हणाल्या. "त्याचाही डोळा होता माझ्यावर. तो वाजवतच राहिला, बिचारा."