राजाच्या चेहऱ्याची वटणावळ

एका राज्यात, सात घाट उतरले की लागते त्या राज्यात, राजाचा चेहरा झिजत चालला होता. राजाचे नाव उदयभान. आधी त्याच्या भुवया गेल्या, मग गालावरची खळी गेली, मग कान पुसट झाले. पाच वर्षांपूर्वी डोळे मिटले ते मिटलेच, त्यांच्या जागी नुसती कातडी राहिली. आता तोंडाच्या जागी गव्हाची काडी जाईल एवढी फट उरली होती आणि त्या काडीतून त्याला पेज पाजत. पाजणारी त्याची एकुलती एक मुलगी चारुमती. ती एकोणीस वर्षांची होती.

राजवैद्यांनी मुळ्या उगाळल्या, लेप लावले आणि शेवटी हात टेकले. ते म्हणाले, "राजकन्ये, हा रोग नव्हे. चेहरा जातो आहे, म्हणजे तो कुठेतरी साठतही असणार. ते ठिकाण शोधा. नाकपुड्या बुजायच्या आत शोधा."

महालात साळुंक्यांची एक जोडी होती. एकीने पाहावे आणि दुसरीने, ती हजार कोसांवर असली तरी, ते बोलून दाखवावे, अशी त्यांची रीत. चारुमतीने एक साळुंकी राजाच्या उशाशी ठेवली आणि दुसरी खांद्यावर घेतली. कमरेला मोहरांची थैली बांधली, तिच्यातच आपला लहानपणचा चांदीचा खुळखुळा टाकला आणि ती निघाली. तिला कुणी अडवले नाही. अडवायचे ते बापाने, आणि बापाला तोंड उरले नव्हते.

त्या राज्यातली एक चाल इथे सांगायला हवी. मोहरेवर राजाचा मुखडा कोरलेला असे, म्हणून मोहर हाती आली की लोक ती आधी कपाळाला लावत. परमुलखात गेलेल्या व्यापाऱ्याला कुणी मोल त्याच्या मोहरेत देणार का असे विचारले, तर तोही कधी नाही म्हणत नसे. मोहरेला नाही म्हणणे म्हणजे राजाला नाही म्हणणे. माणसे चांगली होती हो, आणि चांगल्या माणसांना फसवायला फार अक्कल लागत नाही.

पहिला मुलूख समुद्राकाठचा होता आणि तिथले चलन कवड्यांचे होते. पुढे जायचे तर नाव हवी. चारुमतीने एका नाववाल्याला नावेचे मोल विचारले. तो म्हणाला, "चाळीस कवड्या. की बाईसाहेबांना त्यांच्या राजाच्या नाण्यात सांगू?"

परक्या किनाऱ्यावर कुणी आपल्या राजाचे नाव काढले, याने तिचा ऊर भरून आला. शिवाय चाळीस कवड्या आणायच्या कुठून? तिने मोहर काढली, कपाळाला लावली आणि म्हणाली, "सांगा." नाववाल्याने एकच मोहर मागितली. तिने ती दिली.

खांद्यावरची साळुंकी बोलली, "डावी नाकपुडी बुजली."

चारुमती वाळूत मटकन बसली. मग तिला एकेक आठवत गेले. लमाणांचा तांडा परमुलखात गेला आणि राजाची खळी गेली. घोड्यांचे सौदागर गेले आणि राजाचे कान गेले. जो तो आपण राजाला मान देतो असे समजत होता, आणि जो तो राजाला तासत होता. आज तिनेही तासले. ती रडली, आणि नाववाला खाली मान घालून उभा राहिला.

तिने खोदून विचारले तेव्हा तो बोलला. तिसऱ्या मुलखात धूम्रकेश नावाचा मांत्रिक सराफ आहे. तिन्ही मुलखांत जी जी परकी मोहर पडते ती त्याच्याकडे वटायला जाते. नाणे बदलून देताना सराफाने आपली वटणावळ कापावी यात नवल नाही, पण हा सोने कापत नाही. मोहरेवर जो मुखडा असेल त्यातला अंश कापतो. आणि मोल परक्या नाण्यात सांगू का, असे प्रत्येक दुकानदाराने विचारायचे. न विचारील त्याची जीभ झडते.

घरी निरोप धाडून उपयोग नव्हता. तांडे तिन्ही मुलखांत पांगलेले होते आणि प्रत्येक तांड्यात राजनिष्ठ माणसे होती. एखादा नेकीने कुठेतरी मोहर काढील आणि दुसरी नाकपुडी बुजेल. चारुमती नावेत बसली आणि वल्ही तिनेच मारली.

दुसरा मुलूख पांढराफटक. तिथले चलन मिठाच्या वड्या. पुढचा मुलूख सूर्याविना असल्यामुळे तिथे न विझणारा दिवा लागे, आणि तो विकणारी एक म्हातारी होती. तिने दिव्याचे मोल एकवीस वड्या सांगितले. मग डोळे मिटून, पाठ केल्यासारखे, विचारले, "की तुझ्या राजाच्या नाण्यात सांगू?"

चारुमतीचा हात थैलीकडे गेला. जन्माची सवय ती. तिने तो हात दुसऱ्या हाताने धरला आणि म्हणाली, "नको. इथल्या नाण्यात."

असे तिच्या राज्यातले कुणी कधी बोलले नव्हते. बोलताना तिला शरम वाटली, बापाला दारातून परत लावल्यासारखी. म्हातारीने डोळे उघडले. "विचारणे माझ्यावर बंधन आहे, बाई," ती म्हणाली. "हो म्हणणे तुझ्यावर नाही."

मिठागरात रोजची मजुरी एक वडी. राजकन्येने एकवीस दिवस गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभे राहून मीठ ओढले. टाचा फुटल्या, फुटलेल्यात मीठ गेले, बोटे सोलवटली. थैलीत मोहरा खुळखुळत होत्या आणि त्यातली एक काढली की दिवा त्याच घटकेला हातात पडला असता. रोज साळुंकी सांगे, श्वास चालू आहे. आठव्या दिवशी म्हणाली, श्वास बारीक झाला. सोळाव्या दिवशी म्हणाली, शीळ वाजल्यासारखा वाजतो. चारुमतीने ऐकले आणि मीठ ओढले.

बाविसाव्या दिवशी म्हातारीने दिवा दिला आणि सोबत एक गोष्ट सांगितली. प्रत्येक राज्याची जी पहिली मोहर धूम्रकेशाने वटवली, ती त्याच्या गल्ल्याच्या पाटाला खिळ्याने ठोकलेली आहे. ती निघाली की त्या राज्याकडून कापलेले सगळे परत जाते. मात्र ती चोरता येत नाही, हिसकावता येत नाही. विकत घ्यावी लागते.

तिसऱ्या मुलखात ना सूर्य, ना चंद्र. चारुमती दिव्याच्या उजेडात चालत राहिली आणि पेठेच्या टोकाला धूम्रकेशाच्या पेढीवर पोचली. तिने दिवा वर धरला. तक्क्याला टेकून तिचा बापच बसला होता. त्याच भुवया, तीच खळी, तेच डोळे. पाच वर्षे तिने ते डोळे पाहिले नव्हते. धूम्रकेशाला स्वतःचा चेहरा नव्हता, तो कापलेलाच चेहरा लावून बसे.

तिने पहिल्या मोहरेचे मोल विचारले.

"इथले चलन आयुष्याचे," तो म्हणाला. "वीस वर्षे. की तुझ्या राजाच्या नाण्यात सांगू? एकच मोहर होईल."

"इथल्या नाण्यात," चारुमती म्हणाली.

तो राजाचे हसू हसला. मग त्याचा आवाज बदलला आणि राजाचा झाला. "चारू, ही मोहर मी कशासाठी मोडली, ठाऊक आहे? तू पाळण्यात होतीस. या पेठेत मी तुझ्यासाठी खुळखुळा घेतला. दुकानदाराने विचारले, आपल्या नाण्यात सांगू? मला केवढा अभिमान वाटला. आता माझे नाणे तू नाकारतेस?"

तिचे डोळे वाहू लागले. दिसते तसे नसते, हे कळत असूनही आतडे तुटायचे थांबत नाही. ती म्हणाली, "इथल्या नाण्यात."

तेवढ्यात साळुंकी फडफडली. "उजवी नाकपुडी सुईच्या नेढ्याएवढी उरली." कुठल्या तरी पेठेत कुठल्या तरी भल्या माणसाने मोहर कपाळाला लावली होती.

धूम्रकेशाने तराजू उचलला. वीस वर्षे तोलायला वेळ लागतो, तो म्हणाला, आणि बापाला तर वेळ नाही. मोहर दिली तर खिळा आत्ता निघेल. तिसऱ्यांदा विचारतो, तुझ्या राजाच्या नाण्यात सांगू?

चारुमतीने थैली सोडली आणि मोहरांसकट दाराबाहेरच्या काळोखात भिरकावली. मग दोन्ही हात तराजूच्या पारड्यात ठेवले आणि म्हणाली, "तोला."

तो तोलू लागला. पहिल्या पाच वर्षांत तिच्या हातांची कांती गेली. दहाव्या वर्षाला डोळ्यांखाली रेघा आल्या. न झालेले लग्न गेले, न जन्मलेली लेकरे गेली. विसाव्या वर्षाला केसांत पांढरी बट उतरली आणि पारडी समान झाली. मोल चुकते झाले. वर एक क्षणही कापायला जागा नव्हती, आणि धूम्रकेश जगत होता तो त्या वरच्या कापलेल्यावरच. खिळा आपोआप निसटला आणि ती पहिली मोहर चारुमतीच्या हातात पडली. धूम्रकेशाच्या तोंडावरून आधी खळी गळून पडली, मग कान, मग डोळे. शेवटी तक्क्यापाशी नुसती रिकामी पगडी राहिली.

साळुंकी म्हणाली, "राजाने दीर्घ श्वास घेतला."

नाव तिचीच होती, दिवाही तिचाच होता. ती परत आली तेव्हा वेशीवर नगारे वाजत होते, पण तिच्यासाठी नव्हे. तिला कुणी ओळखले नाही. सभेत राजा भरल्या चेहऱ्याने बसला होता आणि दारातून येणाऱ्या प्रत्येकाकडे पाहत होता. डोळे मिटले तेव्हा त्याची लेक चौदा वर्षांची होती. तो तिलाच शोधत होता.

समोर चाळिशीला टेकलेली बाई येऊन उभी राहिली. राजाने अदबीने विचारले, "आपण कोण?"

तिने ती पहिली मोहर त्याच्या हातात ठेवली. थैलीबरोबर खुळखुळाही गेला होता, मोहर तेवढी राहिली होती. राजाने मोहर ओळखली, लेकीच्या खुळखुळ्यासाठी मोडलेली तीच. मग तिची सोलवटलेली बोटे पाहिली, पांढरी बट पाहिली, आणि परत मिळालेले ते डोळे पहिल्यांदा भरले.

"चारू," तो म्हणाला, "काय मोल पडले?"

"जेवढे होते तेवढेच, बाबा," ती म्हणाली. "वटणावळ दिली नाही."

त्या दिवसापासून राज्याच्या मोहरेवर राजाचा मुखडा कोरत नाहीत, जोंधळ्याचे कणीस कोरतात. कपाळाला लावायची चाल मात्र तशीच चालू राहिली. परमुलखात निघालेल्याला वेशीवरचा पहारेकरी एकच विचारतो, मोल कशात द्याल? जाणारा म्हणतो, तिथल्या नाण्यात. मग फाटक उघडते. राजा पुढे पुष्कळ वर्षे जगला, लेकीच्या केसांकडे पाहत जगला. जे त्याचे होते ते त्याला मिळाले, जे तिचे गेले ते गेले. कहाणी इथे फिटली.