मधमाशीचा डिंक आणि लिंपणारं गाव

फार जुन्या काळची गोष्ट. दिवस चार घटका वर आला होता, तेव्हा डोंगराखालच्या एका गावात एका लेकुरवाळीच्या पोरीचा श्वास कोंडला.

घसा आतून सुजून बंद झालेला. वैद्यबाबांनी गळ्याच्या खालच्या अंगाला चीर दिली, बोरूची पोकळ नळी बसवली, आणि पोर त्या नळीतून सू सू करत श्वास घेऊ लागली.

जखम भरावी म्हणून बाबांनी मधमाशीचा डिंक दिला. मध नव्हे. झाडांचा चीक गोळा करून माश्या आपल्या ढोलीच्या फटी भरतात, तो तपकिरी डिंक. तुपात कालवून देताना ते आईला म्हणाले, "जखमेच्या कडेला पातळ हातानं लाव. नळीचं तोंड मोकळं ठेव. सूज उतरेपर्यंत पोरीचं नाक तिथंच आहे." आणि ते दुसऱ्या गावी निघून गेले.

आता हे गाव कसं, तर लिंपणारं. उंदरांचा सुळसुळाट, म्हणून भोक दिसलं की बायकांचे हात शिवशिवायचे. कणगी लिंपा, भिंत लिंपा, चुलीची भेग लिंपा. सुनेची पारखसुद्धा लिंपणावरून. अशा गावात पोरीच्या गळ्याला भोक!

शेजारीण मधाचं गाडगं घेऊन आली. आई म्हणाली, काकू, मध नाही, डिंक. त्यावर ती म्हणाली, माशी तीच ना? दुसरीला लेप फारच पातळ वाटला. वैद्य हात आखडतो, चांगला जाड थाप, असं ती सांगून गेली. उत्तरं देऊन देऊन आईच्या जिभेला घट्टे पडले. बरं, वाईट मनाची माणसं असती तर दार लावून घेतलं असतं. सगळी मायेची, हीच तर पंचाईत.

सासूबाईंचं तर एकच पालुपद, गळ्यातून वारं शिरतंय.

"आत्याबाई, वारं शिरावं म्हणूनच केलंय ते," आई कपाळाला हात लावून म्हणाली आणि पाण्याला गेली.

तेवढ्यात सासूबाईंनी वाटी घेतली. नातीवर जीव होता त्यांचा. कणगीचं तोंड बुजवावं तसं त्यांनी नळीचं तोंड छान गुळगुळीत लिंपून टाकलं. नळीमुळे पोरीला ओरडताही येईना. ती पाय झाडू लागली. सासूबाईंना वाटलं, लेप झोंबतोय.

आई दारात आली तर पोर निळी पडलेली. घागर तिथंच फुटली. आईनं बोटानं डिंक उपसला, नळीला तोंड लावून आत उरलेला ओढून थुंकून टाकला. आधी काहीच नाही. मग सू सू सुरू झालं, आणि आईनं पोरीला मांडीवर घेतलं.

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. वाटीच्या काठावर एक मधमाशी बसली होती. तिच्यावरच त्या करवादल्या, "तुझ्या डिंकानं माझी नात जात होती गं."

"आजी," माशी म्हणाली, "थंडीवाऱ्यात आम्हीही ढोलीचं दार या डिंकानं बारीक करतो. पण एक माशी जाईल एवढी वाट ठेवतोच. नाहीतर आमचं घरच आमचं थडगं होईल."

त्या दिवसापासून दारात केरसुणी घेऊन सासूबाईच बसल्या. कुणी लेपाचं नाव काढलं की म्हणत, "आधी माझ्या सुनेला विचार."

आईच्या पातळ हातानं जखमेच्या कडा निरोगी राहिल्या. सूज उतरली, बाबांनी येऊन नळी काढली, चीर हळूहळू मिटली. पोर उठून अंगणात आली, तर आजी कणगी लिंपत होती. पोर घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आजी, थोडी वाट ठेव गं."

म्हणून सांगते: औषध चांगलं असलं आणि मनात माया असली, तरी विचारल्यावाचून हात लावू नये.

आजारी लेकराला बघायला कुणी निघालं, तर त्याला त्याच्याच घराच्या उंबऱ्याच्या आत थांबवून एवढी गोष्ट सांगा.