साळूचं नाव पुसेना

एकदा काय झालं, एका राजाची छोटी लेक वारली. तिचं नाव कानावर पडलं की राजाला हुंदका यायचा. मग त्यानं काय करावं? दवंडीच पिटवली. गेलेल्या माणसाचं नाव कुणी बोलायचं नाही, कुणी लिहायचं नाही. ऐकणार नाही त्याला राज्याबाहेर हाकलणार!

त्याच गावात केरू राहायचा. भारी तापट पोरगा, बरं का. शाळेत चार दिवस टिकला नाही. त्याची मोठी बहीण साळू जात्यावर दळताना ओवीत त्याचं नाव गुंफायची. जात्याभोवती सांडलेल्या पिठात बोटानं स्वतःचं नाव लिहून दाखवायची. तेवढं एकच नाव केरूला लिहिता यायचं. मग साळू तापानं गेली. घर गप्प झालं. आई नुसते ओठ हलवायची, आवाज नाही.

केरूला ते बघवेना. त्यानं चुलीतला कोळसा उचलला, थेट राजवाड्याच्या भिंतीपाशी गेला आणि हातभर मोठं लिहिलं, 'साळू'.

शिपायांनी वर चुना फासला. सकाळी बघतात तर चुन्यावर नाव तसंच!

मग राजा म्हणाला, "भिंत पाडा." भिंत पाडली. तर काय, प्रत्येक दगडावर 'साळू'! शिपाई म्हणतो, "महाराज, एवढे दगड लपवू कुठं? माझ्या पागोट्यात?"

मग राजानं केरूला धरून आणवलं. "ज्यानं लिहिलं तोच पुसेल. पूस, नाहीतर चालता हो राज्यातून."

"हाकला! ती गेली तेव्हा मला कुणी विचारलं नाही. आता विचारताय, तर नाही पुसणार."

"अरे, त्यानं लोकांना रडू येतं."

"येऊ दे की! रडू येतं म्हणून ती नव्हतीच असं म्हणायचं?"

राजा चिडला. स्वतःच वाकला, शेल्याचं टोक धरून एका दगडावर हात ठेवला. आणि काय सांगू! अक्षरं कोमट लागली, झोपलेल्या लेकराच्या गालासारखी. राजाचा हात थांबला.

केरू ओरडला, "पुसा ना! का थांबलात?"

राजाला पुसवेना. तो तिथंच मातीत बसला. म्हणाला, "पोरा, माझ्या लेकीचंही नाव लिही रे."

"मला एकच नाव येतं," केरू म्हणाला. "आणि दुसरं येत असतं तरी लिहिलं नसतं. तुमची लेक, तुम्ही लिहा." त्यानं कोळसा पुढं केला.

राजानं लिहिलं, 'चिमा'. मग ते मोठ्यानं म्हटलं आणि भोकाड पसरलं. दाढी भिजली, बोटं काळी झाली. ते ऐकून गल्लीगल्लीतून माणसं कोळसे घेऊन धावली. सगळ्यांच्या पुढं केरूची आई. तिच्या गळ्यातून हाक फुटली, "साळू गं!"

तेव्हापासून त्या गावात गेलेल्यांची नावं घेतात, रडतात, हसतात, पोटभर जेवतात आणि सुखानं नांदतात. चला, मिटा डोळे. कुणाची आठवण आली तर खुशाल नाव घ्या. मी नाही गप्प करणार.