या, बसा

पाखरं आपापल्या दाराला पानाची पाटी लावायची, तेव्हाची ही गोष्ट. करंजाच्या झाडावर एक शिंपीण पक्षीण राहायची. कुणाचंही फाटकं घरटं ती असं शिवून द्यायची, की टाका शोधूनही सापडू नये. पण पाटीवर तिने कोळ्याच्या धाग्याने सुरेख भरलं होतं, ‘या, बसा.’

रानात कुणाला काही हवं असलं की तो मुंग्यांना विचारायचा. मुंग्या रोज दारोदार फिरून पाट्या वाचायच्या, पण आत डोकावायला त्यांना सवड नसायची. एक म्हातारी मुंगी शिंपिणीला म्हणालीही, “बाई, पाटीवर काम लिही गं.”

शिंपीण फणकारली, “दारातच धंदा सांगायला मी काय बाजारात बसलेय? आत आलं की माझा टाकाच बोलेल.”

एक दिवस वाऱ्याने मुनिया पक्षिणीच्या घरट्याचा तळ उसवला. आत चार अंडी होती. ती मुंग्यांकडे धावली, “घरटं शिवणारं कुणी आहे का गं?”

“तशी पाटी कुठेच नाही. करंजावर एक ‘या, बसा’ आहे तेवढं.”

“बसायला वेळ कुठाय मला!” म्हणत मुनिया करंजावरूनच पुढे उडाली. शिंपीण तेव्हा आत गिऱ्हाइकाची वाट बघत होती.

संध्याकाळी घरट्याचा तळ सुटला.

तिसऱ्या दिवशी मुनिया करंजावर येऊन बसली. शिंपिणीने लगबगीने दोरा ओवला. “काय शिवायचंय?”

मुनियाने भोवतालचं शिवणकाम पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं.

“काही नाही,” ती म्हणाली. “आता बसायला वेळच वेळ आहे.”