केरबा आणि डिकीतली बॅटरी

एका गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस होता. अण्णा खराड्यांकडं कामाला होता. काम चोख. खोटं कधी बोलला नाही. फक्त जे सांगाल तेवढंच करायचा, आणि अगदी तसंच करायचा.

एकदा अण्णांच्या पत्नी, काकी, म्हणाल्या, "केरबा, दुधाकडं बघ, उतू जाता कामा नये." केरबा चुलीपुढं बसून बघत राहिला. दूध उतू गेलं नाही. आटलं, करपलं, पातेल्याला चिकटलं. काकी ओरडत आल्या. केरबा म्हणाला, "काकी, एक थेंब बाहेर जाऊ दिला न्हाई."

पण ट्रॅक्टर झकास चालवायचा. म्हणून अण्णांनी जुन्या बाजारातून एक लांबलचक गाडी आणली, तेव्हा तिचा ड्रायव्हर केरबाच झाला.

त्या दिवशी अण्णांच्या लेकीचा, धनश्रीचा साखरपुडा होता, पलीकडच्या गावात, मुलाकडं. पाहुणेमंडळी टेम्पोतून पुढं गेली होती. मागं राहिले अण्णा, काकी आणि धनश्री. धनश्री नटून बसली होती. तिनं मुलाला एकदाच पाहिलं होतं, तेही खाली मान घालून. मुलाची आई फार कडक आहे, असं सगळे सांगत होते. वेळेला उशीर झालेला तिला मुळीच चालत नाही म्हणे.

केरबानं किल्ली फिरवली. गाडीनं हूं की चूं केलं नाही.

अण्णा कपाळाला हात लावून म्हणाले, "बॅटरी उतरली वाटतं."

केरबा खाली उतरला. वाकून गाडीखाली बघितलं. गटारीत बघितलं. कोपऱ्यापर्यंत जाऊन आला.

"अण्णा, कुठं दिसत न्हाई. उतरून कुठल्या अंगाला गेली?"

"अरे, बोनेट उघडून बघ!"

केरबानं बोनेट उघडलं. एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं. मग हळूच म्हणाला, "अण्णा, तुमचं खरं हाय. उतरलीच. आत न्हाई."

अण्णा धावत आले. खरंच आत बॅटरी नव्हती. आता अण्णाही घाबरले. त्यांनी गाडी विकणाऱ्याला फोन लावला. तो हसला आणि म्हणाला, "या गाडीची बॅटरी पुढं नसते अण्णा, मागं डिकीत असते."

अण्णा डिकीकडं गेले. डिकीला किल्लीचं भोकच नव्हतं. बटण दाबलं की उघडायची. बटण दाबलं. उघडली नाही. बटणाला करंट लागतो, आणि करंट डिकीत.

"झालं!" अण्णा वैतागून म्हणाले. "बॅटरीतला जीव गेलाय आणि ती आत कोंडलीय."

केरबानं डोक्यावरची टोपी काढली. डिकीवर डोकं टेकलं आणि मोठ्यानं गळा काढला, "कशी गं गेलीस एकटी! अंधारात गेलीस! आम्हाला कळलंसुद्धा न्हाई!"

गल्ली गोळा झाली. शेजारची म्हातारी डोळ्याला पदर लावून आली आणि विचारू लागली, "कोण गं गेलं?" काकी घरातून तरातरा बाहेर आल्या.

"केरबा! आज शुभकार्य घरात आणि दारात रडतोस? आज कुणी काही विचारलं तर हसून सांगायचं आणि हातावर पेढा ठेवायचा. कळलं?"

"कळलं काकी."

अण्णा म्हणाले, "पळ आता. तिठ्यावरच्या बशीरभाईला सांग, बॅटरी गेली, लगेच ये."

केरबा पळाला. बशीरभाई गॅरेजात कुणाचीतरी मोटरसायकल उघडून बसला होता. केरबानं पेढ्याचा पुडा पुढं केला आणि तोंडभर हसला.

"घ्या बशीरभाई, तोंड गोड करा. आमची बॅटरी गेली."

"अरे वा!" बशीरभाई म्हणाला. "जुनी गेली? मग नवी घेतली असणार. अण्णांना मुबारक सांग."

"अण्णांनी लगेच बोलावलंय."

"पार्टीला ना? एवढी मोटरसायकल बांधतो आणि येतो की सावकाश." आणि त्यानं आणखी एक पेढा उचलला.

केरबा परत आला. "सांगितलं अण्णा. लई आनंद झाला त्यांना. सावकाश येतो म्हणाले."

अण्णांनी फोन घेतला आणि बशीरभाईला जे काय सांगायचं ते जरा मोठ्या आवाजात सांगितलं. बशीरभाई म्हणाला, "निघालोच अण्णा! तोवर गाडीला एक धक्का देऊन बघा. उठली तर उठली."

"केरबा," अण्णा म्हणाले, "मी काकींना सांगून येतो. तू गाडीला धक्का दे."

केरबानं थोडा विचार केला. मग गाडीच्या आरशाजवळ तोंड नेलं आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, मन घट्ट कर. अण्णा तुला भंगारात घालणार हायत."

गाडी गप्प.

"तुझी चाकं काढून बैलगाडीला लावणार हायत."

अण्णा बाहेर आले. "दिलास का धक्का?"

"दोन दिले अण्णा. तिसरा द्यायचा धीर होईना. पण बाई खंबीर हाय."

अण्णांनी दोन्ही हात जोडले. "अरे देवा, हातानं धक्का! नीट ऐक आता. कुठं काही अडलं तर तोंड चालवायचं नाही. मागून जोर लावायचा. नुसता जोर!"

"नुसता जोर," केरबा म्हणाला.

गल्लीतल्या लोकांनी जोर लावला. गाडी लिंबाच्या झाडापर्यंत गेली आणि तिथं सावलीत निवांत उभी राहिली. तेवढ्यात बशीरभाई आला. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली.

"डिकी बाहेरून उघडणार नाही," तो म्हणाला. "मागची सीट पाडून आतून जावं लागेल."

मागच्या सीटचा खटका ओढला, सीट पुढं पडली. मागं एक काळंकुट्ट भोक दिसलं. बशीरभाई अंगानं भरलेला माणूस. डोकं आत गेलं, खांदे गेले, पोट अडलं.

"अडलो रे," आतून आवाज आला.

अडलं म्हटल्यावर केरबानं तोंड मिटलं. त्यानं बशीरभाईचे पाय उचलून आत सरकवले, सीटला खांदा लावला आणि मागून जो जोर लावला, तो गल्लीतल्या सगळ्यांच्या जोराएवढा होता. बशीरभाई सुर्रकन आत गेला. सीट उभी राहिली. खटका खट् करून लागला.

मग डिकीतून बुक्क्या मारल्याचा आवाज.

"अरे, काय दिसत नाही! बॅटरी द्या कुणीतरी! बॅटरी!"

केरबा डिकीला तोंड लावून म्हणाला, "बशीरभाई, बॅटरी तुमच्यापाशीच हाय की. जरा चाचपून बघा."

"ती नव्हे! उजेडाची बॅटरी!"

"तीच उजेडाची हाय. पण उतरलीय."

मग बशीरभाई म्हणाला, "बरं, अंधारातच करतो. दहाचा पाना दे!"

डिकीतून ऐकू येताना शब्द जरा दबून येतात. केरबा घरात पळाला. साखरपुड्याच्या तबकातली विड्याची पानं मोजून घेतली आणि पळत आला.

"दहा पानं आणलीत बशीरभाई. चुना लावू की नुसती देऊ?"

आत बशीरभाई काय म्हणाला ते काकींनी धनश्रीला ऐकू दिलं नाही. धनश्री मात्र पदरात तोंड लपवून हसत होती. सकाळपासून ती पहिल्यांदाच हसली होती.

अण्णांनी खटका ओढून सीट पाडली. उजेडाची बॅटरी आत दिली, पाना दिला. शेजारचा ट्रॅक्टर आणून जवळ लावला. ट्रॅक्टरपासून जाड वायरी गाडीतून आत नेल्या. बशीरभाईनं चिमटे लावले. अण्णांनी बटण दाबलं. डिकी टक् करून उघडली आणि बशीरभाई काळ्या तोंडानं आत उठून बसला. गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. केरबानं टोपी काढून पुन्हा घातली. त्याला वाटलं, बॅटरीच्या जागी जिवंत माणूस निघाला, चांगलंच झालं.

गाडी चालू झाली. बशीरभाईनं केरबाची कॉलर धरली.

"नीट ऐक. बॅटरीत जीव थोडाच आलाय. गाडी चालली की ती भरत जाईल. म्हणून मी सांगेपर्यंत थांबायचं नाही. थांबलास की संपलं."

अण्णा म्हणाले, "केरबा, आज बशीरभाई सांगेल तेच करायचं. माझंसुद्धा ऐकायचं नाही, एवढं लक्षात ठेव."

गाडी सुटली, बशीरभाई गल्लीतच राहिला. खड्डा आला, थांबली नाही. म्हशी आल्या, म्हशीच थांबल्या. पलीकडचं गाव आलं. मारुतीच्या देवळासमोर मंडप होता. दारात विहीणबाई ओवाळायचं तबक घेऊन उभ्या होत्या. शेजारी मुलगा, रणजित, फेटा सावरत उभा. गाडी दिसली. वाजंत्री सुरू झाली. गाडी मंडपासमोरून गेली आणि तशीच पुढं गेली.

"केरबा, मंडप गेला!" काकी ओरडल्या.

"बघितला काकी. लई छान सजवलाय."

गाडी देवळाला वळसा घालून परत आली. परत पुढं गेली.

विहीणबाई म्हणाल्या, "आधी देवाला प्रदक्षिणा घालताहेत. देवभोळी माणसं दिसतात." त्यांनी तबक खाली ठेवून हात जोडले. पण प्रदक्षिणा संपेना. वाजंत्रीवाले दमले. भटजींनी घड्याळ पाहिलं. विहीणबाईंच्या कपाळावर आठी चढली.

"केरबा, थांब!" अण्णा ओरडत होते. "मी सांगतोय, थांब!"

"तुमचं ऐकायचं न्हाई अण्णा. तुम्हीच सांगितलंय."

शेवटी रणजित फेटा काखेत मारून गाडीबरोबर पळू लागला. धनश्रीनं काच खाली केली.

"काय झालंय?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"बशीरभाईंनी सांगेपर्यंत थांबायचं नाही," धनश्री म्हणाली.

"कोण बशीरभाई?"

"डिकीत होते ते."

रणजितला हसू आलं. पळता पळता हसणं सोपं नसतं, तरी तो हसला. धनश्रीनं या वेळी मान खाली घातली नाही. "फोन लावा त्यांना!" तो म्हणाला. तिनं अण्णांच्या फोनवरून लावला आणि केरबाच्या कानाला धरला.

"थांब रे बाबा!" बशीरभाईचा आवाज आला.

केरबानं करकचून ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. रणजित थांबला नाही. तो वेगात पुढं गेला आणि वाजंत्रीवाल्यांच्या ढोलावर जाऊन आदळला. ढोल धडाडला. त्यालाच मुहूर्त समजून भटजींनी अक्षता टाकल्या.

साखरपुडा मात्र फार छान झाला. मुलगा इतका हसरा निघाला की काकींचे डोळे भरून आले. विहीणबाई म्हणाल्या, "आमचा रणजित कुणासाठी एवढा पळेल असं वाटलं नव्हतं." त्यांच्या कपाळावरची आठी निम्मी उतरली.

इतक्या फेऱ्यांनी बॅटरीही चांगली भरली होती. अण्णांनी गाडी बंद करून परत चालू करून बघितली. फटक्यात उठली. त्यांना फार बरं वाटलं. त्यांनी केरबाच्या खांद्यावर हात ठेवला.

"केरबा, तुझा दोष नाही. बॅटरी मागं कोंडून ठेवली, तिथंच सगळा घोळ झाला. अशी वस्तू कशी हाताशी पाहिजे. बरं, आता गाडी सावलीत लाव, दारं लाव आणि जेवायला ये."

"हाताशी," केरबा म्हणाला.

पंगत बसली. विहीणबाई स्वतः वाढायला उठल्या. धनश्री आणि रणजित शेजारी शेजारी बसले होते. अण्णांनी जिलेबीचा पहिला तुकडा तोंडात घातला आणि केरबा आला. दोन्ही हातांनी पोटाशी काहीतरी काळं, जड धरलं होतं. तो अण्णांच्या शेजारी बसला. ते काळं दोघांच्या मध्ये नीट ठेवलं, पुसलं आणि विहीणबाईंना म्हणाला, "हिला वाढू नका. ही भरलेली हाय."

अण्णांच्या तोंडात जिलेबी तशीच राहिली. "केरबा, ही बॅटरी?"

"व्हय अण्णा. काढून आणली. तुम्ही म्हणालात तशी हाताशी."

अण्णांनी स्वतःला सावरलं. साखरपुडा झाला होता, विहीणबाई बघत होत्या. ते शक्य तेवढं गोड हसले. "असू दे. जेवण झालं की परत डिकीत बसव. काही बिघडलं नाही."

"तेवढं जमायचं न्हाई अण्णा. डिकी लावली."

"मग किल्लीनं दार उघड, आतून सीट पाड."

"दारंबी लावलीत. तुम्हीच सांगितलंत."

"अरे, पण किल्ली? किल्ली कुठंय?"

केरबानं जिलेबी उचलली. त्याच्या चेहऱ्यावर मोठं समाधान होतं.

"किल्लीची काळजी करू नका अण्णा. बॅटरी उचलायला दोन्ही हात लागले, म्हणून किल्ली बॅटरीच्या जागेवर ठेवली आणि डिकी घट्ट बंद केली. आता ती कुणाच्या बापाला काढता यायची न्हाई."